दोन्या ओतीचं पातेलं

ओतिलिया बारागानला कुणी नुसतं "कशा आहात?" म्हटलं तरी ती आधी विचारायची, "का? कुणी काय सांगितलं?"

आमच्या त्रेस एन्सिनास गावात तिला सगळे दोन्या ओती म्हणतात; दोन्या म्हणजे बाई, आणि मान देऊनच म्हणतात. बुटकी बाई, रुंद खांदे, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी. उमेदीची सगळी वर्षं पीच डबाबंद करायच्या कारखान्यात गेली. पट्ट्यावरून फळं धावायची आणि ही सडकी वेचायची. त्या यंत्रांच्या खडखडाटानं तिचे कान अर्धे गेले, त्यामुळं ती बोलते ते गावाला ऐकू जातं. तिला मात्र वाटतं, आपण कुजबुजतोय. हे तिला सांगायची हिंमत आमच्यापैकी कुणात नव्हती.

कारखान्याला टाळं लागलं तेव्हा ती गावातल्या, दोन वर्षांत पदवी देणाऱ्या कॉलेजात आली. कुठंच जागा न मिळालेल्यांना दार उघडं ठेवणारं हे आमचं कॉलेज. बदामाच्या बागांत राबणारे, ट्रक चालवणारे, तुरुंगातून सुटलेले, कडेवर पोर घेतलेल्या बायका, सगळे तिथं. पहिल्याच वर्षी तिचा इंग्रजीचा संध्याकाळचा वर्ग बंद झाला. दारावर पाटी लागली, 'दुरुस्तीसाठी तात्पुरता बंद'. तो वर्ग पुन्हा काही उघडला नाही. आता तिथं जुन्या खुर्च्या रचून ठेवल्यात. त्या दिवसापासून 'दुरुस्ती' म्हटलं की तिच्या कपाळावर आठी चढते.

ती पोरांना म्हणायची, "अरे, त्यांची युक्ती कळतेय का तुम्हाला? तुम्ही ओरडणार, मोर्चे काढणार, आणि दोन वर्षांनी पदवी घेऊन भुर्र उडून जाणार. डीन कुठं जातो? तो तिथंच. त्याला फक्त वाट बघायची असते."

म्हणून तिनं काय करावं? तिनं पदवीच घेतली नाही! एक गणिताचा विषय मुद्दाम मागं ठेवला. दरवर्षी दुसऱ्याच कशाला तरी नाव घालायची. मातीची भांडी झाली, पोहणं झालं, डिझेल इंजिन झालं, गिटारसुद्धा झाली. कॉलेजच्या मंडळावर विद्यार्थ्यांची एक खुर्ची असते, तीवर ती ठाण मांडून बसली. डीन प्रुइट हा गोरा, उंच, सदा हसतमुख माणूस. दर वर्षी तो तिला म्हणायचा, "मिसेस बारागान, गणितासाठी मी शिकवणी लावून देतो, फुकट." ती म्हणायची, "आभारी आहे," आणि बाहेर येऊन आम्हाला म्हणायची, "बघितलंत? मला घालवायला टपलाय मेला."

तिनं बरंच काही मिळवलंही, उगाच नावं ठेवू नयेत. डीननं एकदा आपल्याच ऑफिसातला एक पदवीधर त्या खुर्चीत घुसवायचा घाट घातला होता. तिनं भांडून नियम करवून घेतला, की इथली पदवी मिळालेल्याला त्या खुर्चीत बसता येणार नाही. शेतात, कारखान्यात केलेलं काम अभ्यासात धरलं पाहिजे, ही मागणीही तिचीच. आणि आमच्या लोकांना पदवीसाठी अर्ज करावा लागतो हेच ठाऊक नसतं, विषय पुरे करूनही ते तसेच घरी जातात. तेव्हा विषय पुरे झाले की कॉलेजनं आपणहून पदवी द्यावी, यासाठी तर ती डीनच्या दारात तीन दिवस बसली होती.

तिच्या बैठका उपाहारगृहामागच्या खोलीत व्हायच्या. दाराशी तिचं मक्याच्या पिठाचे तमाले उकडायचं मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवलेलं असे. आत येणाऱ्यानं आपला फोन त्यात टाकायचा. सगळे आले की ती झाकण घालायची, झाकणावर वीट ठेवायची, आणि मगच बोलायला लागायची. फोन ऐकतात, यावर तिचा ठाम विश्वास. बैठक संपली की टाळ्या. शेतमजुरांच्या जुन्या संपातली ती पद्धत: एकानं सावकाश सुरू करायच्या, मग सगळ्यांनी, मग जोरात, आणखी जोरात, शेवटी नुसता पाऊस. पहिली टाळी कायम दोन्या ओतीची. दुसऱ्या कुणी सुरू केलेली तिला खपत नसे.

यंदाचं भांडण होतं पाळणाघराचं. कॉलेजात शिकणाऱ्या आयांची पोरं सांभाळायची ती एक खोली. डीनला ती बंद करायची होती. कशासाठी? दुरुस्तीसाठी! दोन्या ओतीनं ते ऐकलं आणि त्याच संध्याकाळी बैठक बोलावली.

त्यालाही कारण होतं. तिची मुलगी मारिसेला तीन वर्षांची असताना कारखान्याच्या आवारात, बंद मोटारीत दिवस काढायची. सुट्टीत आई जाऊन पाहून यायची. एकदा गेली तर मोटारीचं दार उघडं, आत पोर नाही. रेल्वेच्या रुळांवर सापडली, खडे वेचत बसलेली. ती घटका दोन्या ओती अजून विसरलेली नाही. "दुसऱ्या कुठल्या बाईवर ही वेळ येऊ देणार नाही," असं ती म्हणायची, तेव्हा तिचा तो मोठा आवाजसुद्धा बसायचा.

तर या भांडणात कशिया आली. कशिया लोर, निर्वासित म्हणून इथं आलेल्या मोंग लोकांतली, तेविशीची पोर. दोन वर्षांचा मुलगा याच पाळणाघरात. पहिल्याच बैठकीत तिनं फोन पातेल्यात टाकायला नकार दिला.

"मुलाला दमा आहे, दोन्या ओती. पाळणाघरातून कधीही फोन येईल."

"सगळ्यांना पोरं आहेत, पोरी."

"असतील. मी नाही टाकणार."

दोन्या ओतीच्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच. मग कुणीतरी बातमी आणली, की कशिया डीनच्या ऑफिसात काम करते, विद्यार्थ्यांना देतात ते थोड्या तासांचं. झालं! पुढच्याच आठवड्यात आम्ही ठरवलं, की सगळ्या आयांनी पोरांना बाबागाड्यांत घालून डीनच्या दारात अचानक जायचं आणि रस्ता अडवायचा. गेलो. तर दारात खुर्च्या मांडलेल्या, पोरांना फळांचा रस, आणि वर रंगीत फलक, 'आपलं स्वागत असो'. डीन हसतोय. आमची सगळी हवाच गेली. पोरं रस पीत बसली, आता काय घोषणा देणार?

त्या संध्याकाळी दोन्या ओतीनं सगळ्यांदेखत कशियाला विचारलं, "त्याला कुणी सांगितलं?"

"मला काय माहीत?"

"फोन पातेल्यात न टाकणारी तू एकटी. त्याच्याकडं काम करणारी तू एकटी. आम्ही दूधखुळे नाही, पोरी."

कशियानं सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं. कुणी काही बोललं नाही. मीही नाही. ती उठली, मुलाला उचललं आणि निघून गेली. त्यानंतर ती आली नाही.

पाळणाघराच्या ठरावावर मंडळाचं मतदान गुरुवारी दुपारी होतं. सोमवारी डीन स्वतः उपाहारगृहात आला, हातात सूर्यफुलांचा गुच्छ.

"अभिनंदन, मिसेस बारागान! तुम्ही पदवीधर झालात."

"मी? गणित राहिलंय माझं!"

"तुमचं कारखान्यातलं काम धरलं ना. फळांची प्रतवारी, मोजणी, पट्ट्यावरची देखरेख. त्यात गणित आलं. विषय पुरे झाले, आणि कॉलेजनं आपणहून पदवी दिली. तुमच्याच मागणीप्रमाणं!"

दोन्या ओतीनं मनात हिशेब केला. कामाची मागणी आपली. आपणहून पदवी, तीही आपली. आणि पदवीधर खुर्चीत नको, हा नियम तर आपण टेबलावर मूठ आपटून करवून घेतलेला. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा! ती डीनच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. माणूस मनापासून खूश दिसत होता. का खूश होता? बाई पदवीधर झाली म्हणून, की खुर्ची रिकामी झाली म्हणून? तिला काही केल्या कळेना.

त्या खुर्चीवर तिला आपल्या जागी बदली माणूस नेमायची सोय होती. पण बदलीची जागा तिनं इतकी वर्षं रिकामीच ठेवलेली, कारण भरवसा कुणावर ठेवायचा? आता गुरुवारी दुपारी सगळे कामावर. कुणी बागेत, कुणी गोदामात, कुणाला सुट्टी नाही. घरी येऊन तिनं फुलं कचऱ्याच्या डब्यात घातली.

मारिसेलानं ती काढून पाण्यात ठेवली. म्हणाली, "कशियाला विचार."

"त्या फितूर पोरीला?"

"तिचं पोर त्या खोलीत आहे, आई. तुझं नाही."

"तुला नाही कळायचं. मी माणसं ओळखते."

"ओळखतेस?" मारिसेला तिच्याकडं वळली. "शेजारची दोन्या चेलो मला सांभाळायला तयार होती. दोनदा येऊन म्हणाली. तुला वाटलं, हिला काहीतरी हवंय. म्हणून मी मोटारीत बसायचे. पाळणाघर नव्हतं म्हणून नाही, आई."

दोन्या ओतीनं त्या सूर्यफुलांकडं पाहिलं. मग ती चपला घालून बाहेर पडली.

गावाबाहेर मोंग लोकांच्या भाज्यांचे वाफे आहेत, गवती चहा, कारली, लांब शेंगा. कशिया तिथं सासूबरोबर तण काढत होती. मुलगा बांधावर बसून माती उकरत होता. दोन्या ओतीला पाहून ती उठली नाही.

"बोला. काय काम काढलंत?"

"तुझ्याशी बोलायचंय."

कशियानं तणाची बादली पुढं सरकवली. "आधी फोन टाका यात."

दोन्या ओतीनं खिशातून फोन काढला आणि बादलीतल्या तणात टाकला. सासू पदराआड हसावं तशी टोपीआड हसली.

सगळं सांगून झालं. कशियानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ती बाबागाड्यांची गोष्ट. खरं सांगू? तुमच्या खोलीच्या खिडकीखाली डीन गाडी लावतो. तुम्ही खिडकीशी उभ्या राहून ओरडत होता. माळ्यालासुद्धा दिवस आणि वेळ माहीत होती."

"मी तर हळू बोलत होते!"

"हळू?" कशिया म्हणाली. "आत्ता बोलताय ना, ते पलीकडच्या वाफ्यात ऐकू जातंय."

पलीकडच्या वाफ्यातली म्हातारी मान हलवत होती. दोन्या ओतीचा चेहरा लाल झाला.

"मी बसेन खुर्चीत," कशिया म्हणाली. "माझं काम जाईल कदाचित, तरी बसेन. पण काय बोलणार आणि हात कुणाच्या बाजूनं वर करणार, ते तुम्हाला सांगणार नाही."

"का?"

"तुम्ही मला विचारलं होतं, तेव्हा मी खरं सांगितलं. काय उपयोग झाला?"

गुरुवारी दोन्या ओती सभागृहात मागच्या रांगेत, लोकांच्या खुर्च्यांत बसली. इतक्या वर्षांत प्रथमच. पुढं तिच्या खुर्चीत कशिया, पाठ ताठ. डीननं गोड आवाजात सांगितलं: छत गळतंय, भिंतीला ओल आहे, पोरांच्या छातीला बरं नाही, वर्षभर दुरुस्ती, मग खोली पुन्हा उघडू. दोन्या ओतीनं खुर्चीचे हात घट्ट धरले. बोल पोरी, बोल. तात्पुरता बंद म्हणजे काय, ते सांग त्यांना!

कशिया उठली. "डीनसाहेबांचं बरोबर आहे," ती म्हणाली. "ओल आहे. माझा मुलगा रात्र रात्र खोकतो. दुरुस्ती व्हायलाच हवी, माझा पाठिंबा आहे..."

"फितूर!"

तो शब्द दोन्या ओतीच्या तोंडून कधी सुटला, ते तिलाही कळलं नाही. ती उभी होती. सगळं सभागृह मागं वळून तिच्याकडं पाहत होतं. एकटी कशिया वळली नाही. ती क्षणभर थांबली आणि तिथूनच पुढं बोलू लागली.

"...एका अटीवर. दुरुस्ती संपेपर्यंत पाळणाघर इथं, या सभागृहात भरेल. उद्यापासून. ऑफिसात याच्या वापराच्या वेळा मीच लावते, हे बहुतेक रिकामं असतं. मंडळाला बैठक घ्यायची असेल तर उपाहारगृहामागं खोली आहे. दुरुस्ती लवकर झाली की आपल्यालाही सभागृह लवकर मिळेल."

कुणीतरी हसलं. मग मंडळावरची गणिताची म्हातारी प्राध्यापिका हसली, मग दोघं-तिघं. डीन तेवढा हसत नव्हता. बऱ्याच वर्षांत प्रथमच. हात वर झाले आणि ठराव अटीसकट पास झाला.

आम्ही सगळे दोन्या ओतीकडं बघायला लागलो, पहिल्या टाळीसाठी. ती खाली बसली होती, हात मांडीवर तसेच पडले होते. कोपऱ्यातून एका बाईनं सावकाश सुरू केली, मग सगळ्यांनी, आणि सभागृह दणाणून गेलं. दोन्या ओती खाली बघत होती. तिला रडू येत होतं. आनंदाचं किती आणि लाजेचं किती, ते तिचं तिलाच ठाऊक.

बाहेर व्हरांड्यात कशिया मुलाला घेऊन उभी होती. दोन्या ओती तिच्यापाशी गेली.

"पोरी, मी..."

"धरा याला," कशिया म्हणाली, आणि पोर तिच्या हातांत ठेवलं. पाठोपाठ पिशवी दिली, त्यात दम्याचं औषध, पाणी. "ऑफिसात माझी पाळी आहे. डीननं काढून टाकलं तर लगेच येईन, नाहीतर पाचला. खोकला आला तर दोन फवारे द्या. आणि माझा फोन लागेल."

"तू... माझ्याकडं?"

"मग कुणाकडं देऊ?"

ती ऑफिसच्या दिशेनं चालू लागली. पोरानं दोन्या ओतीची वेणी मुठीत धरली आणि ओढली. ती तिथंच उभी राहून कशियाकडं बघत होती, आता वळेल, निदान दारातून एकदा बघेल. कशिया दारातून आत गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.