हनोईच्या रेल्वेगल्लीत आप्पा

परळहून विमानतळाकडे टॅक्सी निघाली तेव्हा आईने खिडकीतून आत हात घालून माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "त्यांना एकटं सोडू नकोस." एवढंच. आप्पा पलीकडच्या बाजूला बसून समोर बघत होते. त्यांनी ऐकलं असेल असं मला वाटलं, आणि ऐकूनही काही बोलले नाहीत याचं वाईट वाटलं.

व्हिएतनामची सहल मी ठरवली. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, विमा कंपनीत अधिकारी झालेलीही पहिली. हे मी सगळीकडे सांगते, इथेही सांगते. आप्पा रेल्वेत कीमन होते. कीमन म्हणजे चावीवाला. खांद्यावर हातोडा आणि पाना, बगलेत लाल-हिरवी झेंडी, आणि रोज सकाळी ठरलेला पट्टा पायी चालायचा. रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकायच्या. दादर ते करी रोड हा आप्पांचा पट्टा, त्यांच्या भाषेत बीट. बत्तीस वर्षं त्यांनी ती बीट चालली आणि त्यावर मी शिकले.

निवृत्तीनंतर आप्पा बदलले. गॅसवर कुकर ठेवायचे आणि विसरायचे, डाळ जळून धूर व्हायचा तरी शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले. काही विचारलं की "हो" म्हणायचे आणि तसं करायचे नाहीत. आमच्या वरच्या मजल्यावरचे जाधवकाका असेच होत गेले. एक दिवस दूध आणायला उतरले ते संध्याकाळी शीव कोळीवाड्यात सापडले, आणि स्वतःचं नाव सोडून त्यांना काही सांगता येईना. आप्पांचंही तेच सुरू झालंय का, ही भीती मी दोन वर्षं बाळगून होते. डॉक्टरकडे चला म्हटलं की ते उठून जायचे. म्हणून म्हटलं, आठ दिवस चोवीस तास बरोबर राहून बघावं. आईचे गुडघे चालत नाहीत, ती घरी राहिली. सहल हे निमित्त होतं, मी पहारा द्यायला निघाले होते.

हनोईला उतरल्यावर पहिले दोन दिवस आमचा पंधरा जणांचा गट बसमधून फिरला. गाव मला आवडलं. दुचाक्या इतक्या की रस्ता ओलांडताना पाय उचलायचा धीर होत नाही, पण कोणी कोणावर खेकसत नाही. फूटपाथवर बुटक्या स्टुलांवर बसून लोक फो (तांदळाच्या शेवयांचा रस्सा) खातात. आप्पांनी लिंबू पिळून दोन वाडगे संपवले. तळ्याकाठच्या पॅगोडात गेलो तेव्हा त्यांनी हात जोडून त्रिशरण म्हटलं, ते इतक्या मोठ्या आवाजात की सगळं दालन वळून बघायला लागलं. एका भिक्खूंनी हसून मान डोलावली. मी मात्र दचकले. आप्पा असे कधी मोठ्याने बोलायचे नाहीत. माणसाला आपण कुठे आहोत याचं भान सुटायला लागलं की असंच होतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं.

गटात दादरचे साठेकाका होते, बँकेतून निवृत्त झालेले, बोलके. ते आप्पांच्या मागे मागे. "गायकवाड, तुम्ही मौनव्रत घेऊन आलात की काय? आमच्या हिला जरा शिकवा." आप्पा नुसते हसले. साठेकाका मला हळूच म्हणाले, "बाबांचं काही बिनसलंय का तुमच्याशी?"

"नाही हो. स्वभाव तसा," मी म्हटलं. खोटं बोलले.

तिसऱ्या दिवशी दुपारी रेल्वेगल्ली. जुन्या वस्तीतून रेल्वेची एकेरी लाइन जाते आणि दोन्ही बाजूंना घरं इतकी जवळ की घराच्या उंबऱ्यावरून उतरलं की दोन पावलांवर रूळ. त्या घरांच्या पुढच्या खोल्यांमध्ये आता कॅफे झालेत. रुळांना लागून स्टुलं मांडलेली, वर कंदील टांगलेले, आणि दिवसातून काही वेळा त्यातून खरी प्रवासी गाडी जाते. गल्लीच्या तोंडाशी अडसर आणि पहारा असतो. कॅफेवाल्याने स्वतः येऊन नेलं तरच आत जायला मिळतं. आम्हाला न्यायला ल्येन नावाची बाई आली, पन्नाशीची, काटक, कानामागे पेन्सिल खोचलेली. मोडकं इंग्रजी बोलायची, पण हुकूम कळायचे. "माझ्या मागे. रांगेत. पाय रुळावर नाही."

गल्लीत पाऊल टाकलं आणि आप्पांचा चेहरा उजळला. दोन दिवसांत ते पहिल्यांदा आपणहून बोलले. "मीटरगेज आहे."

"काय?"

"रुंदी बघ की. आपल्यापेक्षा लहान." ते खाली वाकले. "खडी कमी टाकलीय. चाव्या मात्र बऱ्या आहेत." मग सरळ होऊन त्यांनी डावीकडे, उजवीकडे नजर टाकली. माझ्या जिवाला बरं वाटलं. हा माणूस माझ्या ओळखीचा होता.

ल्येनने आम्हाला बसवलं आणि का फे चुंग (घोटलेल्या अंड्याच्या बलकाची साय वर घातलेली कॉफी) आणून ठेवली. मग तिने एप्रनच्या खिशातून बाटल्यांची पत्र्याची बुचं काढली आणि समोरच्या रुळावर ओळीने मांडली. गाडी गेली की ती चपटी होतात, आठवण म्हणून घरी न्यायची, अशी तिथली रीत. प्रत्येक कॅफेसमोर मांडलेली होती. रूळ दूरपर्यंत बुचांनी चमकत होता.

मी आप्पांकडे बघितलं नाही, ही माझी चूक. मी सात वर्षांची असताना वडाळ्याच्या यार्डाजवळ रुळावर खिळा ठेवला होता, तो चपटा व्हावा म्हणून. आयुष्यात आप्पांनी मला एकदाच मारलं ते तेव्हा.

ते उठले. वाकून एकेक बूच उचललं आणि मुठीत घेतलं.

"नो, नो, पापा," ल्येन म्हणाली.

आप्पा पुढच्या कॅफेसमोर गेले. तिथली उचलली. मग त्याच्या पुढची. एक गोरा मुलगा हसत त्यांच्या पाठीमागे परत बुचं मांडत होता, पण आप्पांनी वळून बघितलंच नाही. मान खाली, नजर रुळावर, पाऊल एका लयीत. ही चाल मला पाठ होती. लहानपणी परळच्या पुलावरून मी ती बघायची.

"झाली ड्युटी सुरू," साठेकाका म्हणाले. सगळे हसले. मीसुद्धा हसले, मिनिटभर.

पुढे गल्ली वळते. आप्पा वळणाशी पोचले तेव्हा ल्येनने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि टाळी वाजवली. "गाडी. चार मिनिटं. स्टूल मागे, पाय आत." गल्लीभर स्टुलं उचलली जायला लागली.

"आप्पा," मी हाक मारली. मग ओरडले, "आप्पा, मागे या." ते पन्नास पावलांवर होते. दोन कॅफेवाले त्यांना ओरडून सांगत होते. आप्पा वाकले, आणखी एक बूच उचललं आणि वळणाआड गेले.

तेव्हा मला वाटलं, संपलं. आप्पा आता हनोईत नाहीत. ते दादर आणि करी रोडच्या मधे कुठेतरी आहेत, साल कोणतं ते त्यांनाच ठाऊक. जाधवकाका शीवला सापडले तरी. मी माझ्या बापाला परदेशात आणून रुळावर सोडलं होतं, आणि आईने फक्त एकच गोष्ट सांगितली होती.

मी धावले. दहा पावलंही गेले नसेन, ल्येनने मागून माझ्या पिशवीचा पट्टा धरून हिसडा दिला आणि मला भिंतीला चिकटवलं. तिचा आडवा हात माझ्या छातीवर होता आणि तो लोखंडासारखा होता. "माझे वडील," मी सांगत होते. "तिकडे माझे वडील आहेत." शिट्टी आली, लांब, पुन्हा एकदा, आणि मग गाडीच आली, त्याच वळणाआडून. इंजिन माझ्या नाकासमोरून गेलं. लोक मोबाइल धरून आनंदाने किंचाळत होते. मी डबे मोजायला लागले आणि पाचानंतर आकडा सुचेना. इंजिनकडे मी बघितलं होतं, पुढच्या बाजूला काही लागलेलं आहे का म्हणून. हे लिहायला बरं वाटत नाही, पण बघितलं होतं.

शेवटचा डबा गेला. ल्येनने हात काढला आणि माझ्याबरोबर तीही धावली.

वळणापलीकडे तिसरं घर. दारात एक म्हातारी उपड्या झालेल्या टोपल्यातली पालेभाजी गोळा करत होती आणि पुटपुटत होती, बहुतेक शिव्या देत होती. तिच्या मागे भिंतीला पाठ लावून आप्पा उभे होते. शर्टाची कॉलर फाटलेली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. उजवी मूठ घट्ट मिटलेली, त्यातून बुचांच्या कडा बाहेर आलेल्या.

"गेली?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचे दोन्ही खांदे धरले. "आप्पा, आपण कुठे आहोत?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "अं?"

"कुठल्या गावात आहोत आपण? सांगा मला."

"हनोई. व्हिएतनाम." ते चिडले. "येडी झालीस का गं?"

"मग मी एवढ्या हाका मारत होते, अख्खी गल्ली ओरडत होती."

म्हातारीने आत जाऊन एक स्टूल आणून आपटलं, त्यावर ते बसले. मुठीकडे बघितलं. मग म्हणाले, "नाय ऐकू येत."

"काय नाही ऐकू येत?"

"कायच नाय. उजवा कान नोकरीतच गेला. डावा आता जातोय."

मी त्यांच्यासमोर खडीवर बसले. हळूहळू सगळं बाहेर आलं. नोकरीची शेवटची काही वर्षं त्यांनी बीट पायाने ऐकली होती. "गाडी लांब असली तरी रुळावर पाय ठेवला की मुंग्या येतात. कानापेक्षा आधी कळतं." त्यांनी माझ्याकडे न बघता पुढे सांगितलं, "आज तू घेतलेले हे जाड बूट. कायच कळलं नाय. समोरचे लोक माझ्याकडे बघून हात हलवायला लागले, तोवर म्हातारीने कॉलरच धरली."

"आणि रेल्वेची मेडिकल? दरवेळी पास कसे झालात?"

"डॉक्टर समोर बसून बोलायचा. तोंड बघितलं की कळतं."

"सांगितलं का नाही आप्पा?"

"काय सांगू? चाळीत बहिऱ्याची काय गंमत करतात, तुला माहीत नाय? मागून हाका मारून बघतात. तुझ्याकडे हापिसातली माणसं येतात, तू फाडफाड बोलतेस. मी भलत्यालाच भलतं उत्तर दिलं तर शोभा तुझी व्हायची. गप बसलेला माणूस शहाणा दिसतो."

मला राग आला. आणि रागाच्या आत इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी तिथेच, परक्या बाईच्या दारात, हसायला लागले. आप्पांचं डोकं शाबूत होतं. दोन वर्षं ते माझ्यापासून कान लपवत होते आणि मी त्यांच्यापासून भीती. साठेकाकांना तर वाटलं होतं आमचं भांडण झालंय.

म्हातारीची भाजी मी उचलून दिली. आप्पांनी तिला वाकून नमस्कार केला, तिने त्यांच्या दंडावर एक चापट मारली. बुचं त्यांनी ल्येनच्या हातात ठेवली, रुळावर नाही. परत येऊन बसलो तेव्हा ल्येनने विचारलं, "रेल्वेत होते?"

"हो. रूळ सांभाळायचे. बत्तीस वर्षं."

तिने मान हलवली आणि त्यांच्यासाठी दुसरी कॉफी आणली. साठेकाकांना मी कानांचं सांगितलं. त्यांनी आपलं स्टूल ओढून आप्पांच्या डाव्या बाजूला नेलं.

उरलेले दिवस मी आप्पांच्या दंडाला हात लावून मग बोलायची. तेवढ्या दिवसांत किती गप्पा झाल्या. घरी सांगू नकोस म्हणाले. मी कबूल केलं नाही. परळला टॅक्सीतून उतरल्यावर पिशव्या वर नेण्याआधी त्यांनी स्वतःच आईला सांगितलं, जिन्यात उभं राहून, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. आई पदर तोंडाला लावून तिथेच पायरीवर बसली.

आठवड्याने आम्ही परळच्याच एका इस्पितळात कान तपासायला गेलो. काचेची खोली, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. आप्पा पटापट दाबत होते. तपासणारी मुलगी आधी खूश झाली, मग तिला संशय आला. ती कळ फिरवायला हात उचलायची आणि आप्पा तिचा हात बघून बटण दाबायचे. तिने आत जाऊन त्यांची खुर्ची भिंतीकडे वळवली.

मग मला काचेतून फक्त त्यांची पाठ दिसत होती. मुलगी आवाज वाढवत होती, पडद्यावरचा आकडा चढत होता आणि आप्पांचा अंगठा जागचा हलत नव्हता. परदेश बघून माणूस काय घेऊन येतो, असं मला ऑफिसात विचारतात. मी रेशमाचा एक स्कार्फ आणला आणि ही पाठ आणली. मी शिकले, पेपर दिले, पास झाले, त्या सगळ्या वर्षांत हा माणूस कसल्या कसल्या परीक्षा एकटा देत होता, ते मला कळलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने अंगठा हलला. एकदा.

बाहेर आल्यावर आप्पांनी विचारलं, "नापास ना?"

"हो. मंगळवारी परत बोलावलंय, मशीन बसवायला," मी कागद पिशवीत ठेवता ठेवता म्हटलं.

ते थांबले. बाकी लोक जिना उतरत होते, कोणी ऐकेल याची त्यांनी फिकीर केली नाही.

"ऐकलं नाय," ते म्हणाले. "माझ्याकडे बघून सांग."