जागा देणारं गाव

माझ्या थोरल्या लेकीच्या खुब्यात पू झाला तेव्हा लढाई चालू होती, आणि मोटारी कोळशाच्या गॅसवर रडतखडत चालायच्या. सांगलीच्या डॉक्टरांनी तिचा पाय जरा हलवला, तशी ती किंचाळली. ते म्हणाले, "हाडाचा क्षय आहे. माझ्याकडे औषध नाही. समुद्राकाठी बिऱ्हाड करा, हिला दिवसभर उन्हावाऱ्यात निजवा. दोन-तीन वर्षं तरी."

पलूसच्या आमच्या घरात समुद्र कुणीच पाहिला नव्हता. उसाच्या फडापलीकडे आमची धाव सांगलीच्या बाजारापर्यंत. मामंजींनी विचारलं, "तिथं आपली बस्ती हाय का?" बस्ती म्हणजे आमचं जैनांचं देऊळ. सासूबाईंना वेगळीच धास्ती. "शेजारी मासं शिजत असताना तुमच्या नरड्याखाली घास कसा उतरंल?" गावातला एक पेन्शनीतला शिपाई म्हणाला, "रत्नागिरीला जावा. लय मोठं गाव, दवाखाना हाय." तेवढ्यावर आमचं गाव ठरलं. अंगावरून नुकती सुटलेली धाकटी सासूबाईंजवळ ठेवली. जागा लागली की तिलाही न्यायचं होतं.

आंबा घाटात प्रत्येक वळणाला थोरली माझं मनगट चावायची, ओरडू नये म्हणून.

रत्नागिरीत एका घरी खोली पसंत पडली, भाडंही ठरलं. मग मालकिणीनं पोरीच्या जखमेवरच्या फडक्याचा पुवाचा डाग पाहिला. पुढच्या घरी आम्ही काही लपवलं नाही, तर दारच लागलं. आमच्याच धर्माच्या एका व्यापाऱ्यानं ओटीवर पोटभर जेवू घातलं आणि हात जोडले. "ताई, घरात लेकरं हायत. रागावू नगा." त्याच्यावर राग तरी कसा धरायचा? त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. शेवटी धर्मशाळेतूनही आम्हाला उठवलं.

हे एका माडाखाली डोकं धरून बसले. "चल, घरला जाऊ. मरायचंच आसंल तर आपल्या दारात मरू दे."

मी ह्यांना कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "आवं, दर्याला काय एकच गाव हाय?"

मोटारअड्ड्यावर मालवणची गाडी उभी होती, म्हणून मालवण.

तिथं मासे खारवणाऱ्या एका म्हाताऱ्या विधवेनं आपली पडवी दाखवली. मी आधीच सगळं सांगून टाकलं. ती पोरीपाशी बसली, तिच्या कपाळावर हात ठेवला. "माजो घोव ह्याच दुखण्यान गेलो. माका आता कसला भय? निजव तेका हंय."

आढ्याला सुकी मासळी टांगलेली होती. ह्यांनी उपरण्यानं नाक दाबलं. "ह्या वासात कसं जगायचं गं?"

"जगायचं तिला हाय," मी म्हटलं.

धाकटीला दुखणं लागेल म्हणून तिला इतक्यात आणायचं नाही असं ठरवून हे शेतीसाठी परतले. मी पोरीला अंगणातल्या वाळूत निजवायची, जखम धुवायची, खारट वाऱ्यात भाकरी थापायची. पावसाळ्यात ऊन पडेना. जखमेशेजारी दुसरं भोक पडलं. पोर रडायचीही थांबली, नुसती आढ्याकडे बघायची. एका दुपारी मी भिंतीला डोकं टेकून देवाला म्हटलं, ने रे आता हिला. म्हातारीनं ते ऐकलं. पेजेची वाटी घेऊन स्वतःच पोरीला भरवायला बसली. मला तेव्हा तिच्या हातांचा वास आला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एक भोक बुजलं. मग, फार सावकाश, दुसरं. थोरली उभी राहिली ती एक पाय आखूड घेऊनच.

त्यानंतर हे धाकटीला घेऊन आले, थोरलीला इथलाच वारा मानवतो म्हणून कायमचं राहायला. बाजारात गुळाचं दुकान टाकायचं ठरवून आले होते. मी हात पसरले. धाकटी ह्यांच्या धोतराआड लपली आणि तिनं विचारलं, "ही बाई कोण हाय?"

थोरली लंगडत पुढे झाली, तिचा हात धरून तिला वाळूत खेळायला घेऊन गेली. धाकटीचं बहिणीशी लगेच जमलं. मला आई म्हणायला मात्र तिनं फार दिवस लावले.