व्याह्याच्या गावापेक्षा मोठं गाव

आमच्या अंबरनाथ पश्चिमेला कमळाकर नावाचा माणूस राहतो. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झाला आणि त्याला एकच काम उरलं: अंबरनाथ बदलापूरपेक्षा मोठं आहे, हे जगाला सांगणं. जगाने विचारलं नव्हतं. पण कमळाकर कुणी विचारायची वाट बघणाऱ्यातला नाही.

माझी पिठाची गिरणी त्याच्या दारासमोर. नवऱ्याने टाकली, चालवते मी. त्यामुळे सकाळची पहिली बडबड माझ्याच कपाळी. एखादी बाई डबा घेऊन आली की हा ओट्यावरून सुरू. "उल्हासनगर पाच लाख. ते सोडा, ते गेलं पुढं. पण त्याच्या मागं कोण? आपण! अडीच लाख. बदलापूर पावणेदोन. म्हणजे तिसरं." आकडे २०११ च्या जनगणनेचे. तेव्हा पाळण्यात मोजलेली पोरं आता मिसरूड फुटून बाइक उडवत फिरतात, पण कमळाकरचे आकडे काही मोठे होत नाहीत.

कुणी कल्याण-डोंबिवलीचं नाव काढलं तर म्हणायचा, "ती दोन गावं जोडलीत. चीटिंग हाय ती." कुळगाव-बदलापूरसुद्धा जोडूनच झालंय की, असं मी एकदा बोलले. "म्हणून तर," तो म्हणाला, "जोडून पण तिसराच नंबर!" पडलो तरी नाक वर, ते असं.

एकदा पँटचं कापड घ्यायला उल्हासनगरला, कॅम्प एकच्या बाजारात गेला होता. तिथल्या दुकानदाराला म्हणाला, शेठ, तुमचा पहिला नंबर, अभिनंदन. तो सिंधी शेठ गजाने कापड मोजत होता. मान वर न करता म्हणाला, "साईं, पब्लिक गिनके क्या करेगा? गिऱ्हाईक गिन. पँट एक या दो?" कमळाकर घरी येऊन सांगतो, "बघा, मोठ्या गावातली माणसं कशी साधी असतात!"

या खुळाचं मूळ हळदीत आहे. आमच्या लोकांत लग्नापेक्षा हळद मोठी. दुसऱ्या दिवशी नवरी कशी दिसत होती हे कुणी विचारत नाही, किती पानं उठली ते विचारतात. ज्याच्या मांडवात जास्त माणसं जेवली तो मोठा. कमळाकरच्या सुजितचं लग्न बदलापूरच्या चंदरच्या पोरीशी, विनिताशी झालं. कमळाकरने चार नातेवाइकांकडून उसनवारी करून मांडव घातला, पण चंदरच्या हळदीला माणसं लोटली. मटणाची पातेली तीनदा चढली म्हणे. चंदर स्वतः एक अक्षर बोलला नाही. पण लोक बोलले, आणि ते कमळाकरच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून तो व्याह्याला सांगायला लागला, "तुझ्या हळदीला माणसं जास्त, पण तुझ्या गावात कमी!" हळद हरलेला माणूस जनगणनेत जिंकायला निघाला.

आणि मग सुजितनेच बदलापुरात फ्लॅट घेतला. दोन खोल्यांच्या घरात नवं जोडपं किती दिवस काढणार? पण कमळाकरने गल्ली गोळा केली. "बाप दुसऱ्या नंबरच्या गावात, आणि पोरगा तिसऱ्यात? गेलास तर उलटा येऊ नको!" सुजित बापावर गेला असता तर भांडला असता. तो आईवर गेलाय. त्याने मुकाट्याने टेम्पो बोलावला आणि सामान भरलं.

पुढे सुजितला मुलगी झाली. जिज्ञासा नाव ठेवलं. कमळाकर बारशाला गेला नाही. ओट्यावर बसून म्हणाला, "बदलापूरची एक वाढली. पेढे त्यांनीच वाटावेत." त्याची बायको तुळशी मागे दारात उभी होती, हातात नातीसाठी शिवलेलं झबलं घेऊन. मी गिरणीतून बघत होते. त्या क्षणी मला त्या माणसाची जी किळस आली, ती अजून गेलेली नाही.

तुळशी मग चोरून नातीला भेटायला लागली. नवऱ्याला सांगायची, उल्हासनगरला बहिणीकडे जाते. उल्हासनगर पहिलं, तिथं जायला कमळाकरची हरकत नव्हती. बदलापूरचं नाव काढलं की मात्र घरात जेवण बंद. साठी ओलांडलेली बाई नातीचं तोंड बघायला खोटं बोलत होती, आणि या शहाण्याला वाटायचं, बायकोला आपल्यासारखीच मोठ्या गावाची आवड लागली.

यंदा विनिता पुन्हा कामावर जायला निघाली. तिने सासूला बोलावलं, आई, तुम्ही दोघं इकडेच या, पोरीला घरचं माणूस हवं. तुळशीने धीर करून सगळं सांगितलं, चोरून जात होते तेही. म्हणाली, "तुमी पण चला. झालं गेलं सोडा." कमळाकर भांडला नाही. भांडला असता तर बरं. तो म्हणाला, "जनगणना तोंडावर हाय. मोजून होऊ दे, मग बघू. आता आपल्यातलं एक माणूस कमी करून नाय चालायचं."

तुळशी तांदूळ दळायला आली तेव्हा तिने मला हे सांगितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. "बाजारात जनावर पण मोजून झालं की सोडतात गो विठा," एवढंच बोलली. मी म्हटलं, जा की मग सरळ. ती म्हणाली, "तो काय करील एकटा? त्याला चहा पण येत नाय." या बाईचा मला तितकाच राग आला.

मग जनगणनेच्या बाई आल्या. अक्षदा टीचर, शाळेत शिकवतात. दारावर मार्करने नंबर टाकला आणि सांगितलं, घरातल्यांची माहिती रविवारी घेते. झालं! कमळाकरच्या अंगात हळद संचारली. रविवारी देवाचं जेवण आहे सांगून त्याने अख्ख्या भावकीला आवतण दिलं. वांगणीचे, उल्हासनगरचे, बदलापूरचे, एक सुजित सोडून झाडून सगळे. वर चंदरलाही बोलावलं, कारण जिंकताना बघायला व्याही हवाच. त्याचा हिशेब सरळ होता: मांडवात बसेल तो आपला. पन्नास वर्षं हळदी मोजलेल्या माणसाला दुसरी मोजणी कशी सुचणार?

टीचर आल्या तेव्हा ओट्यापासून मोरीपर्यंत पंगत. मीही वाढायला होते. त्यांनी मोबाइल काढला आणि विचारलं, "काका, घरात नेहमी राहणारी माणसं किती?"

"ही बसलीत ती सगळी," कमळाकर छाती काढून म्हणाला. "मोजा तुमी निवांत."

टीचर दारातल्या म्हाताऱ्याला म्हणाल्या, "बाबा, तुम्ही इथेच राहता?"

"नाय बा. मी वांगणीचा," तो मटणाची नळी चोखत म्हणाला. "जेवायला आलोय."

दुसरा म्हणाला उल्हासनगर. तिसरीने कमळाकरकडे बघून आधी इथलीच सांगितलं, मग स्वतःलाच हसू फुटलं. चंदरने पानातून हाक दिली, "टीचर, मला पण अंबरनाथमध्ये धरा. मटण बेस झालंय!" पंगतभर हशा उठला.

टीचर शांतपणे म्हणाल्या, "काका, जेवायला आलेली नाही मोजत. जो जिथं राहतो, तो तिथं."

कमळाकरचं तोंड उतरलं, पण पीळ जाईना. "बरं तर. आमी दोघं लिहा. मी नि माझी मंडळी."

तुळशी चुलीपुढून उठली. पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "माझं नको लिहू बाय. मी आज बदलापूरला चाललेय, पोराकडं. तिथंच राहणार."

कमळाकरने आधी चंदरकडे बघितलं. "माझ्याकडं नका बघू व्याही," चंदर म्हणाला, "मी नाय बोललो काय."

इथे एखाद्या माणसाने म्हटलं असतं, अगो, मला सोडून कुठं चाललीस? किंवा चल, मीही येतो. निदान गप्प तरी बसला असता. कमळाकर म्हणाला, "मोजून झाल्यावर जा ना! एका दिवसानं काय बिघडतंय?"

तुळशी त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, "लग्न होऊन आले तवापासनं या घरात हाय. कधी नाय मोजलंत मला. आज मोजताय, ते पण गावासाठी."

पिशवी तिने सकाळीच भरून दारामागे ठेवली होती. तरी जायच्या आधी तिने उरलेल्यांना भात वाढला, रस्सा वाढला, आणि मग चपला घातल्या. चंदर अर्ध्या पानावरून उठला, हात धुतले आणि तिची पिशवी घेतली. त्याच्याबद्दल माझं मत त्या दिवशी चांगलं झालं. टीचरनी हलक्या आवाजात विचारलं, "काका, मग एकच लिहू?" कमळाकर मोरीकडे निघून गेला. त्यांनी लिहिलं.

पुढचे काही दिवस ओट्यावर आवाज नव्हता. मी मनात म्हटलं, बरं झालं, खोड मोडली. मग एका दुपारी हा तुळशीचा मोठा डबा घेऊन गिरणीत आला. तळाशी तांदूळ होते. सुपात ओतून बघितले, तर न धुतलेले, खड्यांसकट.

"वहिनी," तो म्हणाला, "एका माणसाला आठवडाभर भाकरीला पीठ किती लागतं?"

माझ्या जिभेवर पुष्कळ काही होतं. अडीच लाखांचा हिशेब करणाऱ्याला एका माणसाचा येत नाही का, हे तर नुसतं यायचं बाकी होतं. पण मी म्हटलं, "मला काय विचारता भावजी? तुळशीला विचारा जाऊन."

त्याने गिरणीच्या फिरत्या पट्ट्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, "कुठं राहतो गो सुजित? पूर्वेला की पश्चिमेला? मी कधी विचारलंच नाय. केवढं मोठं हाय ते बदलापूर, मला कसं सापडायचं?"

बदलापूर मोठं आहे, हे त्याच्या तोंडून ऐकायला मी किती वर्षं टपून बसले होते! हसू काही आलं नाही. मुलाचं घर कुठे आहे हे बापाला ठाऊक नाही, याचा संतापच आला. मी सुपातले तांदूळ परत त्याच्या डब्यात ओतले, झाकण लावलं आणि डबा त्याच्या हातात दिला.

"हे घेऊन जा," मी म्हटलं. "ती निवडून दळून घेईल."

मग मी त्याला पत्ता सांगितला. त्याने तो दोनदा विचारून घेतला.