कॅलिपर घालणाऱ्या आईची बाबागाडी

गाडी मागच्या मागे उलटली. आत मुलं नव्हती, ज्वारीच्या दोन पिशव्या होत्या, म्हणून निभावलं. एक पिशवी फुटली आणि हॉस्पिटलच्या मागच्या व्हरांड्यात ज्वारी पसरली.

"बगा," गयाबाई म्हणाल्या. "मी काय म्हनत हुते?"

त्यांची सून मंगल हँडल धरून तशीच उभी होती. तिचा नवरा रघुनाथ खाली बसून ज्वारी गोळा करायला लागला. कुणाकडे बघावं ते त्याला कळेना.

नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. मी नगरच्या एका हाडांच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होते. लोकांना वाटायचं, आम्ही मालिश करतो. खरं तर ऑपरेशननंतर किंवा आजारपणानंतर माणसाला पुन्हा उठायला, बसायला, चालायला शिकवणं हे आमचं काम. मंगल माझी जुनी पेशंट. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिच्या डाव्या पायात जोर नव्हता. त्या पायाला ती कॅलिपर घालायची. कॅलिपर म्हणजे मांडीपासून बुटापर्यंत जाणाऱ्या लोखंडी पट्ट्या. गुडघ्यापाशी कुलूप असतं. ते लावलं की पाय काठीसारखा ताठ राहतो आणि वजन पेलतो. त्यावर ती भिंगारमध्ये शाळेत शिकवायला जायची, रोज, पायी.

आता तिला दोन मुलं होती. सोनू दीड वर्षाचा आणि मुलगी दोन महिन्यांची. बाळंतपणाची रजा संपत आली होती. शाळेजवळच्या लीलाताई दोन्ही मुलांना सांभाळायला तयार होत्या. प्रश्न तिथपर्यंत मुलांना नेण्याचा होता. रघुनाथ मिलिटरीच्या स्टोअरमध्ये सिव्हिलियन कामगार. त्याची ड्युटी शाळेच्या बऱ्याच आधी सुरू व्हायची. कॅलिपर घातलेल्या बाईला एक मूल कडेवर घेऊन चालणंच जड, दोन कशी नेणार?

गयाबाईंनी सोपा मार्ग काढला होता. धाकटी आईपाशी राहील, सोनूला त्या गावी, काष्टीला घेऊन जातील. त्यात वाईट हेतू काही नव्हता. घरी गाय होती, दोन चुलत भावंडं होती, सोनूवर त्यांचा जीव होता. पण मंगल मला म्हणाली होती, "मॅडम, दिवाळीला परत येईल तेव्हा तो मला बाई म्हणून ओळखेल, आई म्हणून नाही."

म्हणून ही बाबागाडी. नगरच्या दुकानातून रघुनाथने दोन दिवसांच्या बोलीवर आणली होती. एकामागे एक अशा दोन सीट, घडी होणारी, वजनाला हलकी. आणि तो मला म्हणाला होता, "मॅडम, तुम्ही सेफ आहे म्हणालात तर सोनू इथं राहील. नाहीतर आई त्याला रविवारी घेऊन जाणार. तुमचा शब्द शेवटचा."

असा शब्द द्यायला मला कुणी शिकवलं नव्हतं. पण तोल हा माझ्या विषयाचा भाग होता.

गाडी का उलटली ते लगेच दिसलं. तिचं हँडल मागच्या चाकांच्याही मागे आलेलं होतं. धडधाकट माणूस गाडी फक्त पुढे ढकलतो. मंगल तिच्यावर भार टाकत होती. डावा पाय टेकला की तिचं अंग डावीकडे झुकायचं आणि हात हँडल खाली दाबायचे. हलकी गाडी, मागे दाब. पुढची चाकं उचलणारच. शिवाय दोन्ही सीट बसत्या होत्या. दोन महिन्यांच्या बाळाची मान धरलेली नसते. बसतं ठेवलं तर डोकं छातीवर पडतं आणि श्वास अडू शकतो. एवढं लहान मूल सपाट झोपलेलंच असायला हवं.

हे मी सगळ्यांना माझ्या खोलीत बसवून सांगितलं. रघुनाथने मान हलवली. गयाबाई सोनूला घेऊन बाहेर गेल्या, मागोमाग रघुनाथही.

मंगल मागे थांबली. दार लोटून हळूच म्हणाली, "मॅडम, हो म्हणा ना. मी भार नाही टाकणार. नुसती ढकलीन."

"टाकशील. पाय दमला की हात आपोआप भार घेतात. तुला कळणारही नाही."

"मग सोनू गेलाच की."

"ही गाडी चालणार नाही एवढंच मी म्हटलं. दुसरी बघू."

ती जायला वळली आणि दारातच थांबली. मग म्हणाली, "एक आहे. कँटोन्मेंटमध्ये एका कॅप्टनसाहेबांच्या मिसेस जुळ्यांना घेऊन फिरायच्या. त्यांची मुलं आता मोठी झालीत. शेजारी शेजारी बसायची गाडी आहे. मोठी चाकं. मी विचारते."

"मी येते रविवारी बघायला. आत्याबाईंना म्हणावं, तोवर थांबा."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सर म्हणजे आमचे ऑर्थोपेडिक सर्जन, हॉस्पिटल त्यांचंच.

"मॅडम, व्हरांड्यात ज्वारी कसली सांडली होती?"

मी सांगितलं.

"आपण हॉस्पिटल चालवतो की खेळण्यांचं दुकान?"

"सर, ती गाडीसकट पडली आणि मांडीचं हाड मोडलं तर ती आपल्याकडेच येणार. दोन्ही मुलांना घेऊन."

त्यांनी चष्मा काढला. "आणि तुम्ही हो म्हणाल्यावर पडली तर? लोक तुमचं नाव घेतील. माझंही."

"म्हणून तर बघून सांगणार आहे."

"रविवारी. तुमच्या वेळात."

"हो, सर."

रविवारी मी भिंगारला गेले. मंगलने गाडी मिळवली होती. कॅप्टनसाहेबांची बदली झाली होती आणि एवढं धूड सोबत न्यायची त्यांची इच्छा नव्हती. गाडी खरोखर दणकट होती. दोन्ही सीट सपाट होत होत्या, मागच्या चाकांना पायाने दाबायचा ब्रेक होता. हँडल मागच्या चाकांच्या पुढेच संपत होतं. मी त्यावर सगळं अंग टाकून बघितलं. गाडी जागची हलली नाही.

पहिली अडचण दारात आली. क्वार्टरच्या दारातून गाडी आत जाईना. रघुनाथचा चेहरा पडला. गयाबाई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "अरं, दुसरी फळी उघड की. तुज्या लग्नाचं कपाट कुठनं आलं हुतं?" दाराची दुसरी फळी वर्षानुवर्षं कडी लावून बंद होती. ती उघडली आणि गाडी आत गेली. उंबऱ्यावर रघुनाथने एक फळकूट तिरकं टाकलं.

पट्टे मी सोनूला बसवूनच तपासले. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांमधून, असे पाचही एकाच बकलमध्ये अडकत होते. पायांमधला पट्टा महत्त्वाचा. तो नसला की मूल खाली सरकतं आणि पट्टा गळ्याशी येतो. सोनूने बकल ओढून पाहिलं, चावून पाहिलं, मग भोकाड पसरलं. बकल सुटलं नाही.

"ह्यो माज्याकडं बी दोन मिनिटं बसत न्हाई," गयाबाई म्हणाल्या. पण बकल त्यांनी स्वतः दोनदा उघडून लावून बघितलं.

मग मुलांना घरात शेजारणीपाशी ठेवून आम्ही क्वार्टरच्या मागच्या मैदानात गेलो. सोनूच्या जागी ज्वारीची मोठी पिशवी, बाळाच्या जागी छोटी. मंगल चालायला लागली आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. चार पावलं सरळ, मग गटाराकडे. तिने जोर लावून वळवली, पुन्हा तेच. कपाळावर घाम आला.

मी तिला थांबवलं आणि तिच्या मागून नुसती चाल बघितली. जड पिशवी डाव्या बाजूला होती, त्यामुळे गाडी डावीकडे वळत होती. मंगलचं अंगही डावीकडेच झुकत होतं. दोन्ही ओढी एकाच दिशेला. मी पिशव्यांची अदलाबदल केली. आता मोठी उजवीकडे. मंगल पुन्हा निघाली आणि मैदानाच्या टोकापर्यंत सरळ गेली. वळून तिने आमच्याकडे बघितलं. आज पहिल्यांदाच हसली.

"सोनू कायम उजवीकडे," मी म्हटलं. "बाळ डावीकडे. विसरायचं नाही."

"झालं की मग," रघुनाथ म्हणाला.

"नाही झालं. मंगल, आता पडून दाखव."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कॅलिपर घालणारा माणूस कधी ना कधी पडतोच. खडा येतो, कुलूप निसटतं. म्हणून पडायचं कसं आणि उठायचं कसं हे आम्ही पेशंटला शिकवतो. मंगलला ते येत होतं. पण ती पडल्यावर गाडीचं काय होतं, ते मला बघायचं होतं. मी हँडलला जाड नाडीचा पट्टा बांधला आणि त्याचं दुसरं टोक तिच्या मनगटात घातलं. हात सुटला तरी गाडी उतारावरून जाऊ नये म्हणून. रघुनाथने घरातली गादी आणून टाकली.

मंगल पडली. पट्टा आखूड होता. तिच्या वजनाने हँडल मागे आणि खाली ओढलं गेलं आणि गाडीची पुढची चाकं वर उठली. टेकली परत, पण उठली.

"बास झालं!" गयाबाई ओरडल्या. "पोरीला कशापायी पाडताय? माजा नातू मी नेते. कुनी पडाया नको अन् काय नको."

मंगल गादीवरूनच म्हणाली, "आत्याबाई, थांबा. मॅडम, पट्टा लांब करा."

ती जमिनीवर आडवी असताना हात सैल राहील, एवढा मी पट्टा वाढवला. ती उठली, थोडं चालली आणि पुन्हा पडली. या वेळी गाडी हातभर पुढे गेली, पट्टा ताणला आणि ती थांबली. चारही चाकं जमिनीवर. गयाबाई उचलायला धावल्या.

"नको. मी उठते."

कुणी हात लावला नाही. तिने पट्टा धरून गाडी जवळ ओढली. हाताने ब्रेक खाली दाबला. गुडघ्याचं कुलूप बघितलं. मग ब्रेक लागलेल्या गाडीला धरून उजव्या पायावर उठली, साडी झटकली आणि म्हणाली, "परत?"

"परत," मी म्हटलं.

ती आणखी दोनदा पडली. एकदा उतारावर. गाडी उलटली नाही की सुटून गेली नाही.

गयाबाई गाडीपाशी गेल्या. दोन्ही हातांनी ती गदागदा हलवली. मग सुनेच्या कोपराला लागलेली माती पदराने पुसली.

"डाक्टरीनबाई, तुमी व्हय म्हनता?"

"हो म्हणते, आजी. सोनू उजवीकडं, पट्टा मनगटात, थांबली की आधी ब्रेक. एवढं पाळलं तर हो."

"मग ऱ्हाऊ द्या त्याला हितं. पर आटवडाभर मी संगं चालनार. तुमचा भरोसा हाय, पर रस्त्याचा न्हाई."

गयाबाई आठवडाभर गाडीच्या बाजूने चालल्या आणि मग एकट्या काष्टीला परतल्या. एसटीत बसताना रडल्या, असं रघुनाथ म्हणाला.

काही महिन्यांनी मंगल कॅलिपरचा बूट दाखवायला आली. म्हणाली, "मॅडम, परवा शाळेच्या गल्लीत खरीच पडले."

"मुलं?"

"सोनू टाळ्या वाजवत होता. त्याला वाटलं मी खेळतेय. धाकटी झोपेतच होती."

सरांच्या कानावर ते गेलं.  पुढच्याच महिन्यात एका हाताने अधू असलेल्या बाईला त्यांनी माझ्याकडे पाठवलं. घरी जुळं होतं. चिठ्ठीत लिहिलं होतं, "गाडी बघून द्या. कामाच्या वेळात चालेल."

तेव्हापासून मला बाबागाडीबद्दल बरेच जण विचारतात. दुकानदार मुलांची वयं विचारतो, रंग विचारतो. गाडी ढकलणार कोण, हे कुणी विचारत नाही. मी आधी तेवढंच विचारते.