पद्मक्काच्या फोटोतलं मशीन

मैत्रिणींनो, आज घडलेलं लिहिते.

मी घरी टॉवेलचे काठ शिवते. शेजारची पद्मक्का विड्या वळते. मागच्या वर्षी नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी तिनं धंद्याचं कर्ज काढलं. आजारपणाला कोण कर्ज देतंय? म्हणून कागदावर शिलाईचा धंदा दाखवला आणि माझ्या मशीनपुढं बसून फोटो काढला.

आज सकाळी आली. "कर्जवाले साहेब धंदा बघायला येणार हायेत, तासभर मशीन दे की." मी दिलं.

साहेब दोन माणसं घेऊनच आले. हप्ते थकलेत म्हणाले आणि मशीन उचलायला लावलं.

मोबाइलमधला फोटो दाखवून विचारलं, "हे तुमचंच ना?"

पद्मक्कानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "व्हय."

मी तिच्या दारातच उभी होते. माझं आहे म्हटलं असतं, तर तिचं खोटं उघडं पडलं असतं. मशीन टेम्पोत चढलं.

गल्लीतल्या आणखी तिघींनी त्याच मशीनपुढं बसून कर्जाचे फोटो काढलेत. संध्याकाळी तिघी आल्या. मला वाटलं, उद्या मी काय शिवणार ते विचारायला आल्या असतील.

त्यांनी एवढंच विचारलं, "आमचं नाव न्हाय ना घेतलंस?"