लग्नातला लो अँगल

आमच्या गल्लीत लग्नाचं शूटिंग करणारा एक जण राहतो. सध्या तो मोबाईलवरच्या स्केटबोर्डच्या गेमचे व्हिडिओ बनवतो आणि त्यांच्या अधेमधे टाकायला खरी दृश्यं घ्यायला शिकतोय. त्याला बी-रोल म्हणतात म्हणे. राहुरीत स्केटबोर्ड नाही, म्हणून तो उसाच्या ट्रॉलीच्या चाकांवर भागवतो. त्यासाठी कॅमेरा जमिनीलगत धरून रस्त्याकडेला पालथा पडतो आणि लोक पाणी घेऊन धावतात. "चक्कर न्हाई आली, काकू. लो अँगल हाय!"

अक्षता पडताना वधूच्या आईने मांडवात थांबायचं नाही, तुळशीला पाणी घालायचं, ही आमची रीत. म्हणून थोरलीच्या लग्नाचं काम देताना मी त्याला आधीच बजावलं, "अंतरपाट दूर होताना लेकीचा चेहरा घे. मला तो व्हिडिओतच बघायचाय."

"तुमी निवांत ऱ्हावा," म्हणाला आणि ऐन वेळी मांडवात आडवा झाला. व्हिडिओत नुसते पाय. मी त्याला मनसोक्त झापलं.

मग पुन्हा पाहिलं. लेक घाबरली की लहानपणापासून पायाची बोटं आवळते. अंतरपाटाखाली ती आवळलेलीच होती. तो दूर झाला आणि एकेक बोट सुटत गेलं. चेहऱ्याने काय, कॅमेऱ्यासाठी हसून दाखवलं असतं.

हे मी त्याला सांगितलेलं नाही. धाकटीचं लग्न अजून व्हायचंय.