केबिनमधली पट्टी

पट्टी पुन्हा कुरकुरायला लागली. आमच्या छोट्या शिडाच्या होडीच्या केबिनमध्ये भिंतीच्या कडेने लावलेली ही सागवानी पट्टी. गेल्याच आठवड्यात, होडी किनाऱ्यावर लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेली असताना, सुधीरने आणि मी ती नीट बसवली होती. कुठे फट म्हणून नव्हती. आज पाण्यात उतरलो, शिडात वारा भरला आणि तिने भिंत सोडली.

"अगं, चुकलंच आपलं," सुधीर म्हणाला. "ठोकळ्यांवर होडीचं पोट दाबलेलं असतं. पाण्यात ती वेगळाच आकार घेते. पट्टी इथेच बसवायला हवी होती." आणि जन्मभर जहाजावर नोकरी केलेला माझा नवरा स्वतःच्याच चुकीवर खळखळून हसला.

मी बघतच राहिले. सुट्टीला घरी येणारा सुधीर मला ठाऊक होता, घुमा, पाहुण्यासारखा अवघडलेला. निवृत्तीनंतरही घरात तो तसाच वावरतो. मग हा हसणारा कोण? यातला खरा कोणता? की होडीसारखंच, खरा असा एक आकार नसतोच? आणि तो नसताना घरात मी कशी असायचे, ते त्याने तरी कुठे पाहिलंय? माझा काही गुंता सुटेना.

तो स्क्रू आवळायला लागला.

"मग किनाऱ्यावर परत गेल्यावर काय रे होणार हिचं?" मी विचारलं.

त्याचा हात थांबला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. शेवटचा स्क्रू त्याने पुरता आवळला नाही; पट्टीला हलायला जरा वाव ठेवला.